विद्यादानाचा अधिकार

विद्यादान हें सर्व दानांत श्रेष्ठ, हें वाक्य आम्हां सुशिक्षितांच्या कानांवर लहानपणापासून इतक्या वेळां पडलेलें असतें कीं, तें कोणत्या अटींवर खरें ठरतें याचा विचार करण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. अन्नदान करणाऱ्यास निदान एवढें तरी पाहावें लागतें कीं, समोरचा मनुष्य भुकेला आहे कीं नाहीं, आणि आपण वाढलेलें अन्न शिजलेलें आहे कीं कच्चें. विद्यादान करणाऱ्यास मात्र अशी कांहीं परीक्षा द्यावी लागत नाहीं. तो शिकवावयास उभा राहिला कीं त्याचें पुण्य त्याच्या खातीं जमा झालें, अशी आपली समजूत आहे. प्रस्तुत लेखांत ही समजूत एका दूरच्या परंतु अगदीं प्रत्यक्ष अशा उदाहरणावर घांसून पाहण्याचा आमचा विचार आहे. तें उदाहरण म्हणजे आफ्रिकेंतील खेड्यांत स्वखुषीनें व वेतनावांचून शिकवावयास जाणाऱ्या परदेशी तरुणांचें.

विषय दूरचा म्हटला खरा. पण गेल्या कांहीं वर्षांत तो आमच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन ठेपला आहे. पूर्वीं असे तरुण बहुधा इंग्लंड-अमेरिकेंतून निघत. १९५८ सालीं इंग्लंडांत ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था निघाली, १९६१ सालीं अमेरिकेंत ‘पीस कोअर’ची स्थापना झाली, आणि या दोन संस्थांनीं हजारों तरुणांस आफ्रिकेंतील शाळांत नेऊन उभें केलें. त्यांच्यामागून आतां लहानमोठ्या पुष्कळ मंडळ्या निघाल्या आहेत. त्यांपैकीं कित्येक तर शिकवावयास जाणाऱ्याकडूनच पैसे घेतात व त्यास दोन, चार किंवा सहा आठवडे एखाद्या खेड्यांत नेऊन ठेवितात. आमच्या महाविद्यालयांतील सुखवस्तु घरचीं मुलेंहि अलीकडे असे अर्ज भरूं लागलीं आहेत, आणि त्या अर्जांस प्राध्यापकाचें शिफारसपत्र लागतें. शिफारसपत्र म्हणजे अर्ध्या पानाचा मजकूर. परंतु त्याखालीं सही करणें म्हणजे कोणा परक्या देशांतील शंभर मुलांपुढें या व्यक्तीस शिक्षक म्हणून उभें करण्यास हरकत नाहीं, असें त्या मुलांच्या आईबापांस सांगणें होय. त्या आईबापांनीं आम्हांस विचारलेलें नसतें, आणि आम्हीं त्यांस पाहिलेलें नसतें. अशी सही करतांना हात थोडा अडखळला तर तो अडखळावाच, असें आम्हांस वाटतें.

या तरुणांविषयीं बोलण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. एक स्तुतीची: घरचें सुख सोडून हे लोक कोठल्या कोठें जातात, केवढा हा त्याग! दुसरी उपहासाची: यांना गरिबांचें काय पडलें आहे, यांना चार छायाचित्रें काढावयाचीं आहेत आणि पुढल्या नोकरीच्या अर्जांत एक ओळ वाढवावयाची आहे. या दुसऱ्या तऱ्हेचें अत्यंत तिखट भाषण इव्हान इलिच यानें १९६८ सालीं मेक्सिकोंतील कुएर्नावाका येथें, सेवेसाठीं आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या तोंडावर केलें. येथें उपकार करावयास येऊंच नका, असा त्याचा आशय होता. बोलणारा इलिच स्वतः युरोपांतून आलेला धर्मोपदेशक होता व परक्या देशांतच आपली संस्था चालवीत होता, हेंहि सांगून ठेवलें पाहिजे. पण त्यामुळें त्याचें म्हणणें खोटें ठरत नाहीं.

आमच्या मतें या दोन्ही तऱ्हांत एकच दोष आहे. दोहोंची दृष्टि देणाऱ्याच्या मनावरच खिळलेली असते. त्याचा हेतु शुद्ध कीं अशुद्ध, त्याला मोह आहे कीं नाहीं, याचाच काथ्याकूट दोन्ही पक्ष करीत बसतात. परंतु शस्त्रवैद्यापुढें पडलेला रोगी त्याच्या अंतःकरणाची चौकशी करीत नाहीं. याला शस्त्र धरतां येतें कीं नाहीं, आणि उद्यां जखम बांधावयास हा येईल कीं नाहीं, एवढेंच तो विचारतो. पहिल्या इयत्तेंत बसलेल्या मुलाचा प्रश्नहि असाच आहे. मनुष्यस्वभावांत निर्भेळ हेतु असा सांपडतोच कोठें? साहस, पाप-पुण्याची टोचणी, कीर्तीची हौस आणि खरी करुणा हीं एकाच तरुणाच्या मनांत शेजारीं शेजारीं नांदतात, आणि त्यांतून पुष्कळदां चांगलें कामहि होतें. तेव्हां हेतूचा प्रश्न आम्ही येथेंच सोडून देतों.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे तीन प्रकार सांगतांना सात्त्विक दानास देश, काल आणि पात्र या तीन कसोट्या लाविल्या आहेत. यांपैकीं ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ आपण नेहमीं घेणाऱ्याची योग्यता असा करतों. अन्न, वस्त्र, द्रव्य यांच्या बाबतींत तो ठीक असेल. विद्येच्या बाबतींत घेणारा हा मूल असतो, आणि मूल हें सदैव पात्रच आहे. अपात्र असूं शकतो तो देणारा. म्हणून ही तिसरी कसोटी येथें उलट फिरवून धरिली पाहिजे. पण आधीं देश व काल पाहूं.

देश मलावी घेऊं. आफ्रिकेच्या आग्नेय भागांत एका मोठ्या सरोवराच्या कांठीं पसरलेला हा चिंचोळा देश पूर्वीं न्यासालँड या नांवानें इंग्रजांच्या ताब्यांत होता. १९६४ च्या जुलैंत तो स्वतंत्र झाला. त्या वेळीं देशांत विद्यापीठ नव्हतें. तें त्याच वर्षीं स्थापन झालें. माध्यमिक शाळा मोजक्या होत्या, आणि त्यांत शिकवूं शकतील असे पदवीधर तर बोटांवर मोजण्याइतके. अशा वेळीं पीस कोअरचे तरुण तेथें गेले. प्रसिद्ध अमेरिकन ग्रंथकार पॉल थेरो हा त्यांतलाच. १९६३ पासून तो मलावींत शिक्षक होता, व १९६५ सालीं तेथल्या सरकारनें त्यास देशाबाहेर घालविलें. या तरुणांच्या हातून त्या काळीं जें काम झालें त्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. घरांत दिवा नव्हता, शेजाऱ्यानें आपला कंदील आणून ठेविला. घरचा दिवा लागेपर्यंत त्याचा उपयोग होता, आणि तो होता म्हणूनच घरच्या दिव्यांत तेल घालतां आलें.

पुढें सुमारें पस्तीस वर्षांनीं थेरो परत गेला, तेव्हां आपल्या जुन्या शाळेची झालेली पडझड पाहून तो चिडला. ती चीड त्याच्या ‘डार्क स्टार सफारी’ या प्रवासग्रंथांत उतरली आहे. इतकीं वर्षें परकीयांनीं येऊन शिकविलें, मग येथील लोक आपल्या शाळा आपण कां चालवीत नाहींत, असा त्याचा सूर आहे. त्याच्या चिडीशीं आम्हांस सहानुभूति आहे, पण निष्कर्षाशीं नाहीं. मधल्या काळांत काय घडलें होतें तें लक्षांत घ्यावयास पाहिजे. १९९४ सालीं बहुपक्षीय निवडणूक होऊन नवें सरकार आलें व त्यानें प्राथमिक शिक्षणाची फी काढून टाकली. त्याबरोबर शाळेंत जाणाऱ्या मुलांची संख्या १९ लाखांच्या आसपास होती ती एकदम ३० लाखांच्या घरांत गेली. शिक्षक नव्हते, म्हणून सुमारें २०,००० अशिक्षित (म्हणजे अध्यापनाचें शिक्षण न घेतलेल्या) तरुणांस थोड्या दिवसांची तोंडओळख करून देऊन वर्गावर पाठविण्यांत आलें. वर्ग झाडांखालीं भरूं लागले. खालच्या इयत्तांत एका शिक्षकापुढें शंभर-सवाशें मुलें ही गोष्ट पुढेंहि नित्याची होऊन बसली. ज्या देशानें दार उघडून सगळ्यांस एकदम आंत घेतलें, त्याच्या घराची बैठक विस्कटली याबद्दल त्यास दोष देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आतां काल. आज तेथें उणीव कशाची आहे? इंग्रजी येणाऱ्या माणसाची नव्हे. मलावींत काय किंवा शेजारच्या झांबियांत काय, अध्यापनाचें शिक्षण पुरें करून नेमणुकीची वाट पाहत बसलेले तरुण आतां पुष्कळ आहेत. उणीव आहे ती त्यांस वेतन द्यावयाच्या पैशाची. खेड्यांत शिक्षकास राहावयास धड घर नसतें, म्हणून नेमलेला शिक्षकहि शहराकडे बदली मागतो. मुलांस बसावयास खोली नाहीं, पुस्तक एकास एक नाहीं. या यादींत ‘एक परदेशी तरुण, चार आठवड्यांसाठीं’ ही बाब कोठेंच बसत नाहीं. उलट तो आल्यानें एक सूक्ष्म अपाय होतो. ज्या कामाचें वेतन सरकारनें द्यावें म्हणून गांवानें भांडावयाचें, तें काम फुकट होत आहे असें दिसूं लागतें. आणि फुकट होणाऱ्या कामाचें मोल कोणतीच तिजोरी देत नाहीं.

कालाचा आणखी एक साधा अर्थ आहे, तो म्हणजे पंचांगाचा. सुटींतले प्रवासी बहुधा युरोप-अमेरिकेच्या उन्हाळ्यांत, जून-जुलैमध्यें येतात. त्या वेळीं मलावींत मक्याची कापणी होऊन गेलेली असते, हवा थंड व आल्हाददायक असते, कणग्या भरलेल्या असतात. पाहुण्यास सगळें गांव हंसतमुख दिसतें. तेथील कठीण दिवस म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. पाऊस चालू असतो, नवें पीक शेतांत उभें असतें, जुनें संपलेलें असतें. उपाशी मुलें शाळेस येईनाशीं होतात, आणि आलीं तरी पेंगतात. वर्ग अर्धा रिकामा, फळा ओला, आणि मुलांपुढें उभा असलेला शिक्षकहि बहुधा अर्धपोटीं. शिकविण्याची कसोटी लागते ती या दोन महिन्यांत, आणि त्या वेळीं तेथें गांवचा शिक्षक तेवढा असतो.

आतां देणाऱ्याच्या पात्रतेकडे वळूं. मलावींतील खालच्या इयत्तांत शिक्षण प्रायः चिचेवा भाषेंत चालत आलें आहे. इंग्रजीचा भर पुढें येतो, आणि आठवीच्या परीक्षेवर माध्यमिक शाळेचा प्रवेश अवलंबून असतो. चार आठवड्यांसाठीं आलेल्या पाहुण्यास चिचेवा येत नाहीं. मग तो काय शिकवितो? रंगांचीं नांवें, अवयवांचीं नांवें, एखादें टाळ्यांचें गाणें. तो जातो, दुसरा येतो; त्यास पहिल्यानें काय शिकविलें याची माहिती नसते; तोहि रंगांपासूनच आरंभ करतो. मुलें बिचारीं शहाणीं असतात. तीं प्रत्येक पाहुण्यापुढें तेंच गाणें नव्यानें शिकल्यासारखें करतात, आणि पाहुणा आपल्या यशानें भारावून घरीं पत्र लिहितो. यांत कोण कोणाचें मनोरंजन करीत आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

भाषेचा विषय निघाला आहे तर येथें एक गंमत सांगावीशी वाटते. चिचेवा भाषेंत शिक्षकास ‘म्फुन्झित्सी’ म्हणतात. पण प्रत्यक्ष शिक्षकाविषयीं आदरानें बोलावयाचें तर ‘आफुन्झित्सी’ असें अनेकवचन वापरतात, जसें आपण ‘गुरुजी आले’ म्हणतों. तिच्यांत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे भेदहि आपल्याप्रमाणेंच मानलेले आहेत. इंग्रजी माणसाच्या कानास ते सहसा ऐकूं येत नाहींत. मराठी माणसास यावयास हरकत नाहीं. शेजारच्या टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे पूर्वीं शाळामास्तर होते, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरहि लोक त्यांस ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजी याच नांवानें ओळखीत. ज्या समाजांत हा शब्द एवढा वजनदार आहे, तेथें तो चार आठवड्यांपुरता कोणासहि उसना मिळावा हें आम्हांस खटकतें.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘तुमचें तत्त्वज्ञान राहूं द्या. आज या झाडाखालीं शंभर मुलें बसलीं आहेत व शिक्षक आलेला नाहीं. एक परका मनुष्य खडू घेऊन उभा राहतो. त्यानें परत फिरावें काय?’ हा आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि त्यास झटकून टाकण्याची आमची इच्छा नाहीं. त्या क्षणीं त्या माणसानें उभें राहावें, हें आम्हांसहि मान्य आहे. वाटेंत पडलेल्यास उचलण्यासाठीं वैद्यकीची पदवी लागत नाहीं. पण जो मनुष्य दर वर्षीं तिकीट काढून वाटेंत पडलेल्यांच्या शोधार्थ निघतो, त्यास हें उत्तर पुरत नाहीं. आकस्मिक प्रसंगाची नीति आणि योजून केलेल्या कृतीची नीति या भिन्न आहेत. योजना करावयास ज्यास सहा महिने मिळाले, त्यास त्या सहा महिन्यांत काय काय विचारलें हें विचारण्याचा अधिकार आपणांस आहे.

आणि विचारावयाचें तें हें, कीं तुला तेथें जाब कोण विचारणार? आमच्या दृष्टीनें साऱ्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. दान घेणारा देणाऱ्याचा मिंधा होतो; देणारा मात्र मोकळाच राहतो. आज दिलें, उद्यां न दिलें, तर त्यास कोणी कांहीं म्हणूं शकत नाहीं. ‘इतकें केलें हेंच पुष्कळ,’ असें वर म्हणावें लागतें. परंतु शिकविणें हें काम असें आहे कीं, त्यांत उद्यां येणें हाच आज येण्याचा अर्थ असतो. ज्याला वाटेल तेव्हां थांबतां येतें, ज्याच्या चुकीबद्दल मुख्याध्यापक त्यास बोलूं शकत नाहीं, ज्याच्या कामाची पाहणी करावयास कोणी येत नाहीं, तो कितीहि गोड स्वभावाचा असला तरी शिक्षकाच्या जागीं उभा असलेला पाहुणा होय. पाहुण्याचा अपमान करूं नये अशी सर्व सभ्य समाजांची रीत आहे, आणि त्या रीतीमुळेंच त्याचे वाईट धडेहि खपून जातात.

या संबंधांत आम्हांस इथिओपियांत गेलेल्या भारतीय शिक्षकांची आठवण होते. १९३६ ते १९४१ या इटालियन अंमलांत त्या देशांतील सुशिक्षित तरुणांची मोठी कत्तल झाली. सम्राट् हैले सेलासी परत आल्यावर शाळा उघडावयाच्या तर शिक्षक कोठून आणावयाचे, असा प्रश्न पडला. पुढल्या दोन-तीन दशकांत जे परदेशी शिक्षक तेथें गेले त्यांत भारतीयांचा, विशेषतः केरळांतून गेलेल्यांचा, भरणा मोठा होता. प्रांतोप्रांतींच्या शाळांत त्यांनीं गणित, विज्ञान व इंग्रजी हे विषय वर्षानुवर्षें शिकविले. ते काय त्यागमूर्ति होते? मुळींच नाहीं. त्यांनीं करार केला होता, त्यांस वेतन मिळे, त्या वेतनांतून ते घरीं पैसे पाठवीत. त्यांच्या औदार्याविषयीं कोणी भाषणें केलीं नाहींत. परंतु सोमवारीं सकाळीं ते वर्गावर हजर असत, कारण हजर राहणें त्यांस भाग होतें. आणि त्यांच्या हाताखालीं शिकलेले इथिओपियन लोक म्हातारपणींहि त्यांची आठवण काढीत. वेतन ही गोष्ट आपण हीन समजतों. पण वेतन देणाऱ्यास बोलण्याचा हक्क असतो, आणि हा हक्क घेणाऱ्याच्या हातांत राहतो म्हणून त्यांत एक प्रकारची समता आहे. ही समता फुकटच्या विद्यादानांत कशी आणावयाची, हा खरा कूटप्रश्न होय.

याच देशानें आणखी एक गोष्ट केली. १९६४ पासून अदीस अबाबाच्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं पदवीपूर्वीं एक वर्ष प्रांतांत जाऊन सेवा करावी असा नियम झाला, आणि बहुतेकांच्या वांट्यास शिक्षकाचेंच काम आलें. शहरी मुलांस तें फारसें रुचलें नाहीं, असें म्हणतात. न रुचो, कर्ज आपलें होतें, तें आपणच फेडावयाचें होतें.

‘स्वयंसेवक’ हा शब्दहि एकदां तपासून घ्यावयास हवा. झांबियांत तांब्याचा भाव घसरला, सरकारचा खर्च आंखडला, एड्सच्या सांथीनें घरोघरचे कर्ते स्त्रीपुरुष नेले, आणि फी व गणवेश यांच्या पायीं असंख्य पोरकीं मुलें शाळेबाहेर राहिलीं. तेव्हां १९९० च्या दशकांत ठिकठिकाणच्या वस्त्यांनीं व खेड्यांनीं आपापल्या शाळा काढल्या. मातीच्या भिंती, गवताचें छप्पर किंवा प्रार्थनामंदिराची एखादी खोली. आणि शिक्षक म्हणजे गांवांतलाच एखादा माध्यमिक शाळा शिकलेला मुलगा किंवा मुलगी. वेतन बहुधा नाहींच. आईबाप कधीं थोडा मका देतात, कधीं त्याच्या शेतांत राबतात. अशा शाळा हजारोंनीं झाल्या, आणि २०११ च्या शिक्षणकायद्यानें त्यांस मान्यता दिली. पुढें २०२२ सालीं तेथील सरकारनें माध्यमिक शाळांचीहि फी काढून टाकली व एका वर्षांत ३०,००० हून अधिक शिक्षक नेमले. पण त्यापूर्वीं जीं वीस-पंचवीस वर्षें गेलीं, त्यांत या गांवच्या मुलांनीं वर्ग उघडे ठेविले. त्यांच्यापाशीं परतीचें तिकीट नव्हतें. त्यांचीं छायाचित्रें कोणी मोठीं करून लाविलीं नाहींत. चार आठवडे येऊन गेलेला तो स्वयंसेवक, आणि चार वर्षें मक्याच्या पिठावर शिकविणारा तो नुसता ‘गांवचा मास्तर’, ही शब्दयोजना कोणत्या न्यायाची?

छायाचित्रांवरून आणखी एक प्रसंग. पीस कोअरची पहिली तुकडी नायजेरियांत गेली त्याच वर्षीं, म्हणजे १९६१ सालीं, इबादान येथें शिक्षण घेत असलेल्या एका तरुण स्वयंसेविकेनें घरीं एक कार्ड लिहिलें, व त्यांत तेथल्या लोकांच्या मागासलेल्या राहणीचें वर्णन केलें. तें कार्ड वाटेंत पडलें आणि एका नायजेरियन विद्यार्थ्यास सांपडलें. विद्यार्थ्यांनीं निषेध केला, मोठा गवगवा झाला, व तिला परत जावें लागलें. मुलगी दुष्ट नव्हती. जें दिसलें तें तिनें लिहिलें. पण जें आपण त्यांच्याविषयीं घरीं लिहितों तें त्यांनीं वाचलें तर चालेल काय, हा प्रश्न तिला पडला नव्हता. आजच्या स्वयंसेवकानें मुलांच्या खांद्यावर हात ठेवून काढलेलें छायाचित्र म्हणजे तेंच कार्ड आहे. फरक इतकाच कीं आतां तें वाटेंत पडत नाहीं, मुद्दाम जगासमोर मांडलें जातें.

एवढें सगळें मनांत असल्यामुळें आम्ही शिफारसपत्र मागावयास येणाऱ्या मुलांस बसवून घेतों व कांहीं गोष्टी विचारतों. तीन वर्षांपूर्वीं आमची एक विद्यार्थिनी, गणिताची पदवीधर, आली. तिला सुटींत सहा आठवडे जावयाचें होतें. आम्हीं विचारलें, ‘तुला बोलाविलें कोणीं? गांवानें, कीं मंडळीनें?’ तिला सांगतां येईना. ‘तुझें शिकविणें वाईट आहे असें तेथल्या मुख्याध्यापकांस वाटलें तर ते तुला परत पाठवूं शकतील काय?’ तिनें ही गोष्ट कागदपत्रांत शोधून पाहिली; तशी कांहीं तरतूद नव्हती. ‘तूं गेल्यावर तुझ्या जागीं कोण?’ येथें ती चिडली. ‘सर, मी जाऊंच नये असें तुमचें म्हणणें आहे का? मग तिथल्या मुलांनीं करायचें काय?’ आम्ही म्हणालों, ‘जा, पण अशा ठिकाणीं जा, कीं जेथें तुला रागें भरावयास कोणी असेल.’

ती सहा आठवड्यांसाठीं गेली नाहीं. वर्षभर खटपट करून दोन वर्षांच्या मुदतीवर ती मलावींतल्या एका खेड्यांतील माध्यमिक शाळेंत गेली. तेथें अशा शाळांस ‘कम्युनिटी डे सेकंडरी स्कूल’ म्हणतात. त्या पुष्कळशा गांवांनीं उभारलेल्या असतात, आणि त्यांत गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची ओढ फार. म्हणजे उणीव खरी होती, व मागणीहि शाळेचीच होती. तिचीं पत्रें येत असत. पहिले तीन महिने तिला वर्गच दिला नाहीं. मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे तास ऐकावयाचे, आणि संध्याकाळीं शेजारच्या आजीबाईंपाशीं चिचेवा शिकावयाची. प आणि फ तिला पहिल्याच दिवशीं जमले, याची मोठी फुशारकी त्या पत्रांत होती. जानेवारींत वर्ग अर्ध्यावर आला तेव्हां तिनें लिहिलें कीं, त्रैराशिक शिकवितांना मक्याच्या पोत्यांचीं उदाहरणें देणें आपण बंद केलें आहे. त्या पत्रांत फुशारकी नव्हती.

दुसऱ्या वर्षीं एकदां पावसानें रस्ता वाहून गेला म्हणून ती उशिरा पोहोंचली. मुख्याध्यापकांनीं सर्व शिक्षकांदेखत तिला विचारलें, दुसरे सगळे त्याच रस्त्यानें वेळेवर कसे आले? हजेरीबुकांत तिच्या नांवापुढें तशी नोंदहि झाली. हें तिनें आम्हांस तीन पानें भरून कळविलें. रडू आलें, असेंहि लिहिलें होतें. त्या आठवड्यापासून मुख्याध्यापक तिला दुसऱ्या शिक्षकांप्रमाणें पाळीचें काम देऊं लागले, आणि परीक्षेच्या वेळीं तिच्या वर्गांत नापास झालेल्या अकरा मुलांची कारणें त्यांनीं तिच्याकडे लेखी मागितलीं. अकरांपैकीं सातांचीं तिला सांगतां आलीं.

तिची मुदत गेल्या जुलैंत संपली. शाळेनें गणितासाठीं सरकारकडे शिक्षक मागितला होता, आणि त्याच शाळेंतून उत्तीर्ण झालेला एक मुलगा अध्यापनाच्या शिक्षणास गेलेला होता. पण त्याचें शिक्षण पुरें होऊन त्यास नेमणूक मिळावयाची ती कधीं मिळेल, हें मुख्याध्यापकांसहि माहीत नव्हतें. निघण्यापूर्वीं तिनें दोन वर्षांचीं टांचणें नीट लिहून कपाटांत ठेविलीं व किल्ली मुख्याध्यापकांच्या हातीं दिली. सप्टेंबरांत वर्ग पुन्हां सुरू झाले, तेव्हां तें कपाट कोणीं उघडलें, हें तिनें मुख्याध्यापकांस पत्रानें विचारलें आहे. उत्तर आलें कीं आम्हांस कळवीन, असें ती म्हणते.